जोडी तुटली की ताल सुटला?

एमआरआय काढायला सांगितले की भंडाऱ्यातले नातेवाईक आधी विचारतात, "डॉक्टर, खर्च किती येईल?" यंत्र महाग असण्याचे एक कारण त्याच्या पोटात आहे. तिथे नायोबियम-टायटॅनियमच्या तारेचे वेटोळे द्रवरूप हेलियममध्ये, उणे २६९ अंशांना बुडवलेले असते. इतक्या थंडीत तारेचा विद्युतरोध शून्य होतो. यालाच अतिसंवाहकता म्हणतात. तार तापली की रोध परततो.

अतिसंवाहकात इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जमतात आणि सर्व जोड्या एका तालात चालतात. मग रोध परतला, तेव्हा जोड्या तुटल्या की नुसता ताल सुटला? आम्हा डॉक्टरांना हा प्रश्न परका नाही. नाडी लागत नसेल, तर हृदय पूर्ण थांबले आहे की नुसतेच बेताल थरथरते आहे, हे आधी पाहावे लागते. थरथरत्या हृदयाला विजेचा झटका तारतो. थांबलेल्याला त्याचा उपयोग नसतो. लक्षण एक, कारणे दोन. फरक ईसीजी दाखवतो.

पदार्थाचा असा ईसीजी म्हणजे स्कॅनिंग टनेलिंग स्पेक्ट्रोस्कोपी. अतिशय टोकदार सुई पृष्ठभागापासून जेमतेम एक नॅनोमीटरवर धरतात. स्पर्श होत नाही, तरी पुंजभौतिकीच्या नियमाने इलेक्ट्रॉन ती फट ओलांडतात. व्होल्टेज थोडे थोडे बदलत विद्युतप्रवाह मोजला की त्या जागी कोणत्या ऊर्जेला इलेक्ट्रॉनांसाठी किती जागा आहे, ते आलेखातून कळते. आलेखाच्या मधोमध पडलेली खळगी ही जोड्यांची खूण. यामागचा सूक्ष्मदर्शक बिनिग आणि रोरर यांनी १९८१ मध्ये झुरिकजवळ घडवला. १९८६ मध्ये त्यांना नोबेल मिळाले.

मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने असे उपकरण स्वतः बांधले. ते निरपेक्ष शून्याच्या वर अवघ्या ०.३५ अंशावर आणि ९ टेस्लापर्यंतच्या चुंबकीय क्षेत्रात चालते. रुग्णालयातला एमआरआय साधारण १.५ किंवा ३ टेस्लाचा असतो. अणुरचनेत खूप विस्कळीतपणा असलेल्या नायोबियम नायट्राइडच्या पातळ थरांत तिथल्या संशोधकांना दिसले की रोध परतल्यावरही खळगी टिकून राहते. जोड्या शाबूत होत्या. ताल सुटला होता.

यामुळे उद्या एमआरआय स्वस्त होईल, असे सांगणे खोटेपणाचे ठरेल. पण १९११ मध्ये कामरलिंग ओन्स यांना लायडनमध्ये अतिसंवाहकता सापडली, तेव्हा एमआरआयही कोणाच्या स्वप्नात नव्हता. निदानाआधी औषध मागू नये, हा नियम विज्ञानालाही लागू आहे. अशा प्रयोगशाळांना सरकारने पैसा द्यावा आणि धीरही धरावा.

आणि एक काम आपल्या दाराशी आहे. व्होल्टेज बदलून प्रवाह मोजणे, हा प्रयोग आपल्या शाळांच्या अभ्यासक्रमात आहेच. तुमसर-लाखांदूरच्या मुलांनी तो वहीत नुसता उतरवू नये, स्वतःच्या हातांनी करावा. कुलाब्याच्या त्या आलेखाची सुरुवात इथूनच होते.