कॉलनी हॅच, ठाणे आणि टूटिंगचे उद्यान

‘याला आता ठाण्याला पाठवा’ हे वाक्य मराठी घरांत चेष्टेने उच्चारले जाते आणि त्याचा अर्थ कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. लंडनमध्ये एके काळी हेच काम ‘कॉलनी हॅच’ या नावाने होत असे. १८५१ मध्ये सुरू झालेले उत्तर लंडनमधील ते अवाढव्य मनोरुग्णालय १९९३ मध्ये बंद पडले. आज त्याच वास्तूत महागडे फ्लॅट आहेत. कलंक धुऊन निघाला तो इमारतीचा. रुग्णांच्या वाट्याला त्यातले फारसे काही आले नाही.

म्हणूनच नैर्ऋत्य लंडनमधील टूटिंगचा प्रयोग लक्षणीय ठरतो. तेथील स्प्रिंगफील्ड हे १८४०च्या दशकातील रुग्णालय. निर्धन मनोरुग्णांसाठी उभारलेले. जमिनीचा मोठा भाग घरबांधणीसाठी देऊन त्या पैशातून २०२२ आणि २०२३ मध्ये तेथे नव्या इमारती उभ्या राहिल्या. प्रत्येक रुग्णाला स्वतंत्र खोली आणि स्नानगृह, वॉर्डांना लागून अंगण, भिंतींवर कलावंतांची चित्रे. परंतु खरा निर्णय इमारतीबाहेरचा आहे: परिसरात ३२ एकरांचे सार्वजनिक उद्यान केले गेले. बाबागाडी घेऊन फिरणारी आई आणि भेटीच्या वेळेसाठी निघालेला भाऊ आता एकाच वाटेने चालतात. ‘तिकडे’ कोण जाते, हे शेजाऱ्यांना ओळखू येत नाही.

आतली बाजू अधिक कठीण असते. आत्मघाताचा धोका टाळण्यासाठी नळ, दाराच्या मुठी, पडद्याच्या दांड्या अशा बनवाव्या लागतात की त्यांना काही बांधता येऊ नये. काळजी घेतली नाही तर याच सावधगिरीतून तुरुंगाची कळा येते. यॉर्कमध्ये १७९६ साली विल्यम ट्यूक यांच्या पुढाकाराने क्वेकर पंथीयांनी उघडलेल्या ‘रिट्रीट’मध्ये हा प्रश्न ओळखला गेला होता: खिडक्यांना गज न लावता चौकटीच लोखंडाच्या केल्या, आणि त्या साध्या लाकडी वाटाव्यात अशी योजना केली. रॉजर उल्रिच आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये स्वीडनमधील रुग्णालयांची तुलना करून दाखवले, की एकेरी खोल्या, बाग आणि हलवता येणारे फर्निचर असलेल्या नव्या इमारतीत सक्तीने इंजेक्शन देण्याचे प्रमाण घटले. खुर्ची स्वतःच्या हाताने सरकवता येणे ही आजारी माणसासाठी लहान गोष्ट नसते.

तरीही वास्तुरचनेकडून किती अपेक्षा ठेवावी, याला मर्यादा आहे. एकाच दालनात अनेक खाटा असलेले वॉर्ड संपवण्यासाठी ब्रिटिश सरकारने २०२० मध्ये ४० कोटी पौंड जाहीर केले, हे योग्यच झाले. मात्र १९८७-८८ मध्ये इंग्लंडमध्ये मनोरुग्णांसाठी सुमारे ६७ हजार खाटा होत्या, त्या आता १८ हजारांच्या आसपास उरल्या आहेत. जवळ खाट मिळत नाही म्हणून रुग्णांना दूरच्या शहरात पाठवण्याची प्रथा २०२१ पर्यंत बंद करण्याचे आश्वासनही पाळले गेले नाही. टूटिंगच्या माणसाला दोनशे मैलांवर खाट मिळाली, तर टूटिंगच्या उद्यानाचा त्याला काय उपयोग? शिवाय इंग्लंडमध्ये कृष्णवर्णीयांना कायद्याने सक्तीने दाखल करण्याचे प्रमाण गोऱ्यांच्या साडेतीन पटींच्या आसपास आहे. दारातून कोण कसा आत येतो, हे दाराच्या रचनेवर ठरत नाही.

२०२५ च्या अखेरीस संमत झालेल्या नव्या मानसिक आरोग्य कायद्याने सक्तीचे निकष कडक केले असून, पोलीस कोठडीला ‘सुरक्षित जागा’ मानणे बंद करण्याची तरतूद केली आहे. अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने, अनेक वर्षांत होईल. कोठडीऐवजी माणसाला न्यायचे कोठे, याचे उत्तर तोवर विटा-मातीत उभे राहावे लागेल.

ब्रिटनमधील मराठी कुटुंबांपुढे प्रश्न वेगळा आहे. घरातले कोणी दाखल झाले, तर गावी ‘पाठीचे दुखणे’ असे कळवले जाते. इकडे १९०१ पासूनचे ठाण्याचे रुग्णालयही पुनर्बांधणीच्या वाटेवर आहे आणि त्याच्या जमिनीच्या एका भागावर नवे रेल्वे स्थानक होऊ घातले आहे. उद्या तेथे गाडी थांबेल आणि फलाटावरच्या घोषणेत ते नाव ऐकू येईल, तेव्हा डब्यात कोणी हसते का, ते पाहायचे.