प्रश्न कोणी विचारला?

लैंगिकतेच्या अभ्यासाविषयी आपल्याकडे वाद होतात ते बहुधा श्लील-अश्लीलतेचे. अभ्यासकाने काय उघड लिहिले हे आपण तपासतो. ज्याच्याविषयी लिहिले त्याची संमती होती काय, हे क्वचित विचारतो. आमच्या मते खरा नैतिक प्रश्न तोच आहे.

लॉड हम्फ्रीज या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाचे 'टीरूम ट्रेड' हे पुस्तक १९७० साली प्रसिद्ध झाले. सार्वजनिक स्वच्छतागृहांत पुरुषापुरुषांमध्ये घडणाऱ्या लैंगिक व्यवहारांचा हा अभ्यास. हम्फ्रीज तेथे पहारेकऱ्याची भूमिका घेऊन उभे राहत. त्यांनी त्या पुरुषांच्या मोटारींचे क्रमांक टिपले, त्यांवरून पत्ते मिळवले आणि सुमारे वर्षभराने, स्वतःचे रूप पालटून, आरोग्यविषयक पाहणीच्या मिषाने त्यांतील ५० जणांच्या घरी जाऊन मुलाखती घेतल्या. निष्कर्ष मोलाचे होते. निम्म्याहून अधिक पुरुष विवाहित निघाले. 'विकृत' हा सरसकट शिक्का खोटा ठरला. हम्फ्रीज यांनी कोणाचे नावही फोडले नाही. परंतु ओळख उघडी पडती, तर त्या पुरुषांची नोकरी, संसार आणि स्वातंत्र्य पणाला लागले असते. ही जोखीम त्यांच्या वतीने दुसऱ्यानेच परस्पर पत्करली. हेतू चांगला होता, एवढ्याने हा दोष धुऊन निघत नाही.

आपल्याकडे र. धों. कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' सुरू केले. त्यात ते वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तरे देत. त्यापायी १९३४ साली खटला झाला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली, तरी दंड चुकला नाही. कर्व्यांचे हे काम संशोधनाचे नव्हे, मार्गदर्शनाचे होते, हे खरे. तरीही न्यायालयाला जे दिसले नाही ते आपण पाहावे: तेथे प्रश्न वाचकाने आपणहून विचारला होता. काय सांगावे आणि किती झाकावे, हे त्याच्या हाती होते.

गुप्तता पाळल्याखेरीज काही सत्ये कळणारच नाहीत, असा आक्षेप घेतला जातो. मग ती सत्ये काही काळ अज्ञात राहिली तरी चालेल, असे आम्ही म्हणतो. विश्वास मिळवून जे कळते, ते उशिरा कळते. पण ते सांगणाऱ्याला फसवून मिळवलेले नसते.

कथा वाचताना 'निवेदक कोण?' हा प्रश्न आपण विद्यार्थ्यांना शिकवतो. मुलाखती, खासगी पत्रे, रोजनिशा अभ्यासाला घेताना त्याला आणखी एक प्रश्न जोडावा: हे सांगण्याची परवानगी कोणी दिली?