नकाशा मंजूर, घरट्याचं काय?

मिसरोदमध्ये घरावर मजला चढवायचा तर नगर निगमची परवानगी हवी. बाजूला जागा किती सोडणार, पावसाचं पाणी कुठे जिरवणार, हे सगळं त्यात येतं. छज्ज्याखाली घरटं आहे का, हे मात्र कुणी विचारत नाही. आणि कायदा काय म्हणतो? १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात संरक्षित पक्ष्याच्या घरट्याला धक्का लावणं म्हणजे चक्क शिकार! इंग्लंडमध्ये छपरात वटवाघळं असण्याची शक्यता दिसली तर आधी पाहणी, मग परवानगी. आपल्याकडे एवढा खटाटोप नको. मंजुरीत एकच अट घाला: घरट्यात अंडी-पिल्लं असतील तर पिल्लं उडेपर्यंत तिथे तोडफोड नाही. काम काही आठवडे लांबेल, ठेकेदार कुरकुरेल. कुरकुरू दे, एरवी तरी तो वेळेवर कुठे येतो?