एका अक्षराची चूक

करोनाच्या साथीने ‘एमआरएनए’ हा शब्द घराघरांत पोहोचवला. लसीची चर्चा थांबली तसा तो शब्दही मागे पडला. पण हा रेणू लसीबरोबर आला नाही आणि तिच्याबरोबर जाणारही नाही. शरीरातील पेशींत तो सतत तयार होत असतो आणि त्याच्या घडणीतील एका चुकीची किंमत आपल्याकडची हजारो कुटुंबे दर महिन्याला रक्तपेढीच्या दारात मोजत असतात.

जनुकांचा मजकूर पेशीकेंद्रातील डीएनएमध्ये असतो आणि प्रथिने बनतात बाहेर, पेशीद्रवात. या दोहोंमध्ये निरोप नेणारा तो संदेशवाहक आरएनए. जिवाणूंमध्ये हा निरोप उतरवला जात असतानाच वाचलाही जातो. मात्र माणूस, इतर प्राणी, वनस्पती आणि बुरशी यांच्या पेशींना केंद्रक असते. तिथे कच्चा मसुदा तसाच बाहेर जात नाही. आधी त्याच्यावर तीन संस्कार होतात.

पहिला संस्कार टोपीचा. साखळी जेमतेम २०-३० अक्षरांची झाली की तिच्या सुरुवातीच्या टोकाला ग्वानोसिनचा एक रेणू उलटा जोडला जातो. या उलट्या जोडणीमुळे आरएनए टोकापासून कुरतडणाऱ्या विकरांची डाळ शिजत नाही. शिवाय प्रथिने बनवणारी यंत्रणा निरोप ओळखते तीही या टोपीवरूनच. यासुहिरो फुरुइची, आरन शॅटकिन आदी संशोधकांनी १९७५मध्ये विषाणूंच्या आरएनएवर काम करताना तिची रचना उलगडली. फ्लूच्या विषाणूला स्वतःची टोपी बनवता येत नाही, म्हणून तो आपल्या पेशीतील आरएनएची टोपी चक्क कापून पळवतो. बॅलोक्साविर हे औषध नेमकी हीच चोरी रोखते. एमआरएनए लसींनाही कारखान्यात अशी टोपी चढवावी लागते. पुण्याच्या जिनोव्हा कंपनीच्या ज्या लसीला जून २०२२मध्ये आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली, ती याच जातकुळीतली.

दुसरा संस्कार काटछाटीचा. मसुद्यात अर्थपूर्ण भागांच्या मध्ये ‘इंट्रॉन’ नावाचे अनावश्यक तुकडे असतात. ते कापून उरलेले भाग सांधले जातात. फिलिप शार्प आणि रिचर्ड रॉबर्ट्स यांच्या गटांनी १९७७मध्ये हे दाखवून दिले आणि १९९३चे नोबेल त्यांना मिळाले. तिसऱ्या संस्कारात दुसऱ्या टोकाला ‘ए’ या अक्षराची सुमारे दोनशे वेळा पुनरावृत्ती असलेले शेपूट लागते. त्यानंतरच निरोप केंद्राबाहेर पडतो.

कात्री कुठे चालवायची, हे ठरते कापणीच्या जागेजवळच्या काही अक्षरांवरून. हिमोग्लोबिनची बीटा साखळी बनवणाऱ्या जनुकातील पहिल्या इंट्रॉनचे पाचवे अक्षर ‘जी’ असते. ते बदलून ‘सी’ झाले की कात्री भलत्याच ठिकाणी चालते. योग्य निरोप फारच थोडा तयार होतो आणि हिमोग्लोबिन अपुरे पडते. भारतातील बीटा थॅलेसेमियाच्या रुग्णांत सर्वाधिक आढळणारा जनुकीय दोष हाच आहे.

हा दोष आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच आला, तर ती व्यक्ती केवळ वाहक असते. तिला फारसा त्रास नसतो. सौम्य रक्तक्षयाकडे लोहाची कमतरता म्हणून पाहिले जाते आणि वर्षानुवर्षे लोहाच्या गोळ्या दिल्या जातात. मात्र पती-पत्नी दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर होण्याची शक्यता २५ टक्के असते. अशा मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते. त्या रक्तातून साठणारे लोह हृदय आणि यकृत पोखरू नये म्हणून वेगळी औषधे घ्यावी लागतात. अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने मूल बरे होऊ शकते, पण जुळणारा दाता आणि खर्च यांचा मेळ किती घरांत बसणार?

भारतात सुमारे ३ ते ४ टक्के लोक वाहक असल्याचा अंदाज आहे. सिंधी, पंजाबी, लोहाणा अशा काही समाजांत हे प्रमाण अधिक आहे; तरी इतरांनी निर्धास्त राहावे, असे नाही. वाहक ओळखण्यासाठी साधा रक्तगणन अहवाल आणि ‘हिमोग्लोबिन ए-२’ची तपासणी बहुतेक वेळा पुरते. तरीही आपल्याकडे लग्नाआधी पत्रिकेतले छत्तीस गुण मोजले जातात आणि रक्ताची ही तपासणी राहून जाते. वाहक असणे हा आजार नाही, कलंक तर नाहीच आणि त्यावरून लग्न मोडण्याचेही कारण नाही. आधी कळले, तर गर्भारपणाच्या सुरुवातीलाच गर्भाची तपासणी करून निर्णय घेण्याचा मार्ग त्या जोडप्याला मोकळा राहतो.

म्हणूनच ही तपासणी महाविद्यालयांतील आरोग्य शिबिरांत आणि गर्भवतीच्या पहिल्याच भेटीत व्हायला हवी. सरकारी आरोग्य केंद्रांपर्यंत ती नियमाने पोहोचवणे ही यंत्रणेची जबाबदारी आहे आणि तिथे जाऊन रक्त देणे ही आपली. निरोपातले ते अक्षर आई-वडिलांना बदलता येणार नाही. पण ते आपल्या रक्तात आहे की नाही, हे मूल जन्माला येण्याआधी कळण्याचा त्यांना हक्क आहे.