श्रेय कोणाचे?

पोलंडमधील साम्यवादी राजवट गोर्बाचेव्ह यांच्या उदारपणामुळे गेली, असे आमच्या पिढीतील अनेक सुशिक्षित आजही ठामपणे सांगतात. कोणी ते श्रेय रेगन यांना देतो, कोणी पोप दुसरे जॉन पॉल यांना. कामगारांचा उल्लेख येतो तो तळटीपेसारखा, शेवटी. हा क्रम आम्हांस मान्य नाही.

गोर्बाचेव्ह सत्तेवर आले १९८५ साली. ग्दान्स्कच्या लेनिन गोदीतील संप सुरू झाला १४ ऑगस्ट १९८० रोजी. निवृत्तीस काही महिने उरले असताना बडतर्फ केलेल्या क्रेनचालक आन्ना वालेंतिनोविच यांना परत घ्यावे, ही त्यातील एक प्रमुख मागणी. १९७० च्या डिसेंबरात याच गोदीचे कामगार रस्त्यावर उतरले होते. तेव्हा पक्षाची कचेरी पेटली, सैन्याने गोळ्या झाडल्या आणि किनाऱ्यावरील शहरांत चाळीसहून अधिक माणसे मेली. तो धडा घेऊन १९८० मध्ये त्यांनी गोदीतच ठाण मांडले, आत दारूबंदी केली. गोळीबाराला निमित्तच उरू दिले नाही. यास दुबळेपणा कसे म्हणावे?

तिसऱ्या दिवशी व्यवस्थापनाने पगारवाढ मान्य केली आणि लोक घरी निघाले. आम्ही हयात सरकारी खुर्चीत काढली. थोडी वाढ पुढे टाकली की संपकऱ्यांची एकी फुटते, हे आम्हांस पुरते ठाऊक आहे. ते हत्यार आम्हीही वापरले आहे. तेथे मात्र ते बोथट ठरले. वालेंतिनोविच, परिचारिका आलिना पिएन्कोव्स्का अशा स्त्रियांनी परतणाऱ्यांना अडविले. लहान कारखान्यांना वाऱ्यावर सोडू नका, असे विनविले. संप पुढे चालला. एकवीस मागण्यांत पहिली होती स्वतंत्र कामगार संघटनेची. ३१ ऑगस्टला सरकारने ती मान्य केली. पुढे 'सॉलिडॅरिटी'ची सभासदसंख्या सुमारे एक कोटीवर गेली.

१३ डिसेंबर १९८१ रोजी लष्करी कायदा आला. हजारो तुरुंगात गेले, वुयेक खाणीत नऊ कामगार मारले गेले. तरी संघटना भूमिगत राहून टिकली. अखेर १९८९ मध्ये सरकारलाच तिच्याशी वाटाघाटींस बसावे लागले, आणि त्या जूनमध्ये सिनेटच्या शंभरपैकी नव्याण्णव जागा तिच्या उमेदवारांनी जिंकल्या.

मॉस्कोने रणगाडे धाडले नाहीत, याचे महत्त्व आम्ही नाकारीत नाही. परंतु ज्या सरकारला हादरविणारे कोणी नाही, ते रणगाड्यांवाचूनही सुखेनैव चालते. कामगारांच्या नावाने चाललेले राज्य कामगारांनीच नाकारले, हे सत्य डाव्यांना बोचते आणि उजव्यांना गैरसोयीचे वाटते.

तीच गोदी १९९६ साली दिवाळखोर ठरली. विजयानंतर पोटाची शाश्वती त्यांना मिळाली नाही. निदान श्रेय तरी हिरावून घेऊ नये.