विश्लेषण: कंपनीच्या 'लॉग'मध्ये तुमचा पासवर्ड? विंडोजमधली एक सेटिंग काय करते?

३ मे २०१८, जागतिक पासवर्ड दिन. नेमक्या त्याच दिवशी ट्विटरने (आताचं एक्स) सुमारे ३३ कोटी वापरकर्त्यांना पासवर्ड बदलण्याचा सल्ला दिला. हॅकिंग झालं नव्हतं. एका बगमुळे पासवर्ड सांकेतिक रूपात जाण्याआधीच कंपनीच्या अंतर्गत लॉगमध्ये जसेच्या तसे लिहिले जात होते. गैरवापराची चिन्हं दिसली नाहीत, असं कंपनीचं म्हणणं होतं.

लॉग म्हणजे काय?

संगणकाची रोजनिशी. कोणी कधी लॉगिन केलं, कोणती कमांड चालवली, कुठे बिघडलं, याची आपोआप होणारी नोंद. सायबर हल्ल्यानंतर तपास करणारे आधी हीच उघडतात.

गोची अशी, की नोंद जितकी सविस्तर, तितकं त्यात गुपित सापडण्याची शक्यता जास्त. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये 'स्क्रिप्ट ब्लॉक लॉगिंग' सुरू केलं, की चाललेल्या स्क्रिप्टचा मजकूर नोंदवला जातो. कोणी आळसाने स्क्रिप्टमध्येच डेटाबेसचा पासवर्ड लिहिला असेल, तर तोही!

मग उपाय काय?

विंडोज १० पासून 'प्रोटेक्टेड इव्हेंट लॉगिंग' ही सोय आहे. ती 'ग्रुप पॉलिसी'तून, म्हणजे ॲडमिन एकाच ठिकाणाहून ऑफिसातल्या सगळ्या संगणकांना लावतो त्या नियमांतून, सुरू करता येते. त्यानंतर नोंदीतला मजकूर 'पब्लिक की'ने कुलूपबंद होतो. देवळातल्या दानपेटीसारखं: टाकू कोणीही शकतं, किल्ली विश्वस्तांकडे. इथली किल्ली म्हणजे 'प्रायव्हेट की'. ती वेगळ्या, सुरक्षित सर्व्हरवर हवी. त्याच संगणकावर ठेवली तर हा सगळा खटाटोप फुकट. आणि हरवली, तर तपासाच्या वेळी स्वतःच्याच नोंदी वाचता येणार नाहीत.

सोयीला मर्यादाही आहेत. ही सेटिंग आपोआप सुरू नसते. शिवाय ती सगळे लॉग झाकत नाही, तिला साथ देणाऱ्या प्रोग्रामचेच झाकते. त्यात पॉवरशेल मुख्य. ट्विटरसारखी चूक तिने टळली नसती. तिथे पासवर्ड लॉगमध्ये जाऊच न देणं हाच इलाज.

भारतात हे आता का महत्त्वाचं?

कारण लॉग जास्त काळ ठेवावे लागणार आहेत. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी १८० दिवसांचे लॉग 'सुरक्षितपणे' जपायचे आहेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण नियमांत ही मुदत किमान एक वर्ष आहे. हे नियम टप्प्याटप्प्याने लागू होताहेत. डेटा सुरक्षेत कसूर झाल्यास मूळ कायद्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. म्हणजे एकदा लॉगमध्ये सांडलेला पासवर्ड वर्षभर तिथेच पडून राहू शकतो.

तुमच्या बँकेने किंवा ॲपने लॉग कसे जपलेत, हे तुम्हाला बाहेरून दिसत नाही. तुमच्या हातात इतकंच: प्रत्येक खात्याला वेगळा पासवर्ड आणि टू-फॅक्टर ऑथेंटिकेशन सुरू.