जवळची वाट, लांबचं दुखणं

पाऊस लागला की आमच्या बेळगावच्या पोरांना दूधसागर खुणावतो. गोव्यातल्या भगवान महावीर अभयारण्यातला हा धबधबा सुमारे ३१० मीटर उंच. कुळे किंवा कॅसलरॉकहून रुळांवरून चालत जाणं अनेकांना सोपं वाटतं. पण बोगद्यात गाडी आली तर सरकणार कुठे? शिवाय रेल्वे कायद्याच्या कलम १४७ नुसार तो गुन्हा आहे.

जंगलातल्या पायवाटेवरही असाच मोह होतो. घाटातली वाट नागमोडी असते, कारण त्यामुळे चढ सौम्य होतो आणि पाणी वेगाने धावत नाही. एकाने वळण टाळून सरळ उतरायला सुरुवात केली की मागचे तसेच येतात. गवत मरतं, माती सुटते, पावसात तिथे घळ पडते. पुढच्याचा पाय तिथेच घसरतो.

म्हणून मुलांनो, माझं सांगणं एवढंच : वळण चुकवू नका. पाणी बाजूला काढायला वाटेत लावलेले आडवे दगड हलवू नका. ओढा फुगला असेल तर मागे फिरा. वनखात्याने वाट बंद केली असेल तर दिवाळीनंतर जाऊ. डोंगर कुठे पळून जात नाही.